कंपनीचा स्टिरिओ ठेवून गाडीत वूफर कसा बसवावा

जबलपूरच्या मदन महलमधून मी बोलतोय. सैन्यातली माझी नोकरी सिग्नल्समध्ये झाली, त्यामुळे वायर, बॅटरी आणि आवाज हे तीन विषय निवृत्तीनंतरही सुटलेले नाहीत. आजचा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे: गाडीबरोबर आलेला स्टिरिओ तसाच ठेवून वूफर लावता येतो का? येतो. मात्र हे काम बॅटरीशी थेट जोडलेलं आहे, आणि ते घाईत केलं तर गाडी जळू शकते. म्हणून आज थोडं सविस्तर बोलू.

आधी, वूफर हवाच कशाला? दाराच्या स्पीकरची कोन लहान असते. खालचे सूर, म्हणजे साधारण ८० हर्ट्झच्या खालचे, काढायला बरीच हवा ढकलावी लागते आणि ते त्याला झेपत नाही. तबल्याची चाट स्पष्ट ऐकू येते, पण डग्ग्याची घुमक हरवते. मग आपण काय करतो? व्हॉल्यूम वाढवतो. घुमक तरीही येत नाही, वरचे सूर मात्र कानात टोचू लागतात. वूफर नीट बसवला की व्हॉल्यूम खाली आणता येतो. माझ्या मते वूफर लावण्याचं खरं कारण हेच आहे.

आपल्या कामाचा असतो तो पॉवर्ड किंवा अ‍ॅक्टिव्ह वूफर. यात अ‍ॅम्प्लिफायर डब्यातच असतो, आणि चपटा डबा सीटखाली मावतो. सीटखालून आवाज नीट येईल का, अशी शंका येते. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर असते, म्हणजे आपल्या गाडीपेक्षाही मोठी. एवढ्या खालच्या सुराची दिशा कानाला कळत नाही. शिवाय बंद गाडीत हे सूर आपोआप थोडे फुगतात. म्हणून लहान डबाही पुरतो.

आता जोडणी. एकूण चार गोष्टी लागतात: करंट, अर्थिंग, आवाजाचा सिग्नल आणि चालू-बंद करणारी तार.

सर्वांत महत्त्वाचा करंट. समजा वूफर खऱ्या १५० वॅटचा आहे. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले ‘मॅक्स’ वॅट सोडून द्या, आरएमएस आकडा बघा. अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर १२ व्होल्टवर तो जोरात वाजताना सुमारे १६ अँपिअर ओढेल. हा भार स्टिरिओच्या वायरवर किंवा लायटरच्या सॉकेटवर टाकू नका. बॅटरीपासून स्वतंत्र वायर आणा. अशा वूफरला ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर चांगली. स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर येते, तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो. टोक चाकूने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर परत करा.

फ्यूज बॅटरीजवळच हवा, १८ इंचांच्या आत. डब्यावर फ्यूज असताना इथे दुसरा कशाला, असं मेकॅनिक म्हणतो. डब्यावरचा फ्यूज डब्याला वाचवतो, वायरला वाचवत नाही. स्टार्टर फिरवताना गाडीची बॅटरी शंभराहून जास्त अँपिअर सहज देते. बॉनेटकडून आत येताना पत्र्याच्या धारेवर वायरचं आवरण घासून फाटलं आणि तांबं पत्र्याला टेकलं, तर तो सगळा करंट त्या वायरमधून धावेल. ती तापून लाल होईल आणि शेजारचं कार्पेट पेटेल. बॅटरीजवळ फ्यूज असेल तर तो उडेल आणि गोष्ट तिथेच संपेल. म्हणून वायर पत्र्यातून नेताना रबरी ग्रोमेट लावा, आणि फ्यूज किती अँपिअरचा घ्यायचा ते वूफरच्या पुस्तिकेत बघा. वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणं म्हणजे पहाऱ्यावरच्या जवानाला झोपायला सांगण्यासारखं आहे.

अर्थिंगची वायर आखूड ठेवा. जिथे जोडायची तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा आणि बोल्ट घट्ट आवळा. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी वूफरमध्ये ऐकू आली तर आधी अर्थिंग तपासा.

सिग्नलची गंमत वेगळी आहे. बाजारातल्या स्टिरिओला मागे आरसीए पिना असतात, कंपनीच्या स्टिरिओला बहुधा नसतात. म्हणून स्पीकरच्या वायरवरून सिग्नल घ्यावा लागतो. बहुतेक पॉवर्ड वूफरना त्यासाठी हाय लेव्हल इनपुट असतो. नसेल तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर लावा. लक्षात ठेवा, हल्लीच्या बहुतेक स्टिरिओमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर सुमारे ६ व्होल्ट असतात. काळी तार म्हणजे अर्थ, असं समजून ती बॉडीला टेकवली तर स्टिरिओचा आतला भाग जळू शकतो. तारांच्या रंगावरही विसंबू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. मल्टिमीटर लावा. वायर कापण्यापेक्षा आपल्या मॉडेलचा कपलर घ्या; वॉरंटीचा वाद टळतो आणि उद्या सगळं काढून गाडी पूर्ववत करता येते.

राहिली चालू-बंद करणारी तार. बरेच वूफर स्पीकरच्या तारांवरचे ते ६ व्होल्ट ओळखून स्वतः सुरू होतात. नसेल तर किल्लीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजवरून फ्यूज टॅपने तार घ्या. काम झाल्यावर किल्ली काढा, काही मिनिटं थांबा आणि वूफरचा दिवा विझतो का बघा. विझला नाही तर बॅटरी उतरायला लागेल.

आता दोन कडक सूचना. पहिली: पिवळ्या आवरणातल्या वायर आणि पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावायचा नाही. सीटखाली ते बऱ्याचदा असतात. डबा त्यांच्यावर दाबला जाऊ नये, आणि सीट पुढे-मागे करून काही अडकत नाही ना ते बघा. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबा.

दुसरी: डबा पट्टीने किंवा बोल्टने बांधा. आमच्या मदन महलच्या टेकडीवर बॅलन्सिंग रॉक आहे. एका शिळेवर दुसरी अवाढव्य शिळा नुसती टेकलेली, आणि २२ मे १९९७ च्या भूकंपातही ती पडली नाही. तुमचा डबा त्या जातीचा नाही. ५० किलोमीटर वेगाच्या गाडीत ५ किलोच्या सुट्या डब्यात जेवढी ऊर्जा असते, तेवढी तो तिसऱ्या मजल्यावरून पडला तर येते. धडक झाली की ती कुणाच्या तरी पायावर उतरते.

बसवून झालं की सेटिंग. लो पास फिल्टर ८० हर्ट्झवर, बेस बूस्ट शून्यावर. स्टिरिओचे बेस-ट्रेबल मधोमध ठेवा, व्हॉल्यूम पाऊणपर्यंत न्या, मग वूफरचा गेन हळूहळू वाढवा. आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या. गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे; स्टिरिओ आणि वूफर यांचं माप जुळवण्यासाठी तो असतो. फेजचं बटण दोन्हीकडे करून बघा, ड्रायव्हरच्या सीटवर घुमक भरीव लागेल तिकडे ठेवा. वूफर सीटखाली आहे हे कळलंच नाही, तर सेटिंग बरोबर आहे.

शेवटचं, आणि हे मुख्यतः तरुणांसाठी. तोफखान्यातल्या माझ्या वयाच्या काही मित्रांना आज श्रवणयंत्र लागतं. कानाच्या आत सूक्ष्म केसपेशी असतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यांच्या कानांवर आवाज पडला तो कर्तव्याचा भाग म्हणून. तुमच्यावर तशी सक्ती नाही. ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत सहन करावा, असा कामगारांसाठीचा एक मान्य दंडक आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला तो वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. शिवाय मागून रुग्णवाहिका आली तर तिचा भोंगा ऐकू यायला हवा. आणि घराघरांत माणसं झोपलेली असतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खालचे सूर भिंतीतून सहज पलीकडे जातात. गल्लीत शिरताना वूफर बंद करायला एक बोट पुरतं.

स्वतः करायचं नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या, पण बॉनेट उघडून बॅटरीजवळचा फ्यूज स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जय हिंद.