रानातून वेचलेलं अन्न



मे सरता सरता वळवाच्या सरी झाल्या की जव्हार-मोखाड्याच्या रानात शेवळं ही रानभाजी वर येते. जामसरचं रान असो की पलीकडचा डोंगर, बायका टोपल्या घेऊन निघतात. शेवळं नुसती शिजवून खाल्ली तर घसा खाजून जीव हैराण होतो. म्हणून आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकतात आणि भाजीत काकडाची आंबट फळं घालतात. कडूकंदाचं काम त्याहून जिकिरीचं. चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, मग टोपलीत भरून कडूपणा उतरेपर्यंत ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. ही विद्या आईकडून लेकीकडे येते.

शहराला मात्र ही विद्या दिसत नाही. इंग्रजी बोलीत ‘स्क्राउंज’ असं एक क्रियापद आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांच्या तोंडून ते सगळीकडे पोचलं. इकडून तिकडून मागून, शोधून, प्रसंगी गुपचूप उचलून गरज भागवणं, असा त्याचा अर्थ. रानात जाणाऱ्या वारली, ठाकूर, कातकरी माणसाकडे शहरातली नजर नेमकी तशीच बघते, याचा मला राग येतो. कापणी झाल्यावर कातकरी शेतातली उंदरांची बिळं खणतात आणि आत साठलेलं भात काढतात. बीळ कुठे वळलंय, साठा कुठल्या फाट्यात असेल, हे ओळखायला जाणतेपण लागतं. शेतमालकाच्या पदरचं त्यात काही जात नाही.

मात्र रानावर भार टाकून कुणाला मोकळं होता येणार नाही. आवणीच्या दिवसांत घरातली नागली-वरई संपत येते आणि अंगमेहनत तर तेव्हाच सगळ्यात जास्त. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं कुपोषणाने दगावली, तीही याच रानाच्या कुशीत. रेशन वेळेवर हवं, हाताला काम हवं, अंगणवाडीत ताजं जेवण हवं. रानभाजी त्याच्या जोडीला.

२००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. कंदमुळंही त्यात येतात. तेव्हा या हक्कासाठी सामूहिक दावा भरताना ग्रामसभेने गावातल्या म्हाताऱ्या बायकांना पुढे बसवावं. शेवळं कुठल्या उतारावर येतात, कडूकंद कुठे सापडतो, काकडाची झाडं कुठे कुठे उरलीत, हे त्यांना विचारून नकाशावर मांडावं आणि दाव्याच्या कागदात नावानिशी लिहावं.