दुसऱ्या नळीची गोळी

हत्ती-गव्यासाठीच्या दुनळी रायफलीचं कॅलिबर कसं निवडायचं, असं मला विचारलं की मी उलट विचारतो: दुसरी गोळी कुठे लागणार आहे? दुनळीला इतका खर्च करायचा तो दुसऱ्या गोळीसाठीच. बोल्ट ओढावा लागत नाही, नजर हलत नाही, बोट फक्त दुसऱ्या चापावर जातं. पण पहिल्या धक्क्याने खांदाच हलला, तर या सोयीचा उपयोग काय?

१८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बीने ४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस आणलं. ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला ६५५ मीटर वेगाने जाई. काळ्या दारूचा धूर गेला, धूर न करणारं कॉर्डाइट आलं, आणि अवजड चार-बोअर बंदुका मागे पडल्या. मग १९०७ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात ४५० बोअरवर बंदी घातली. मार्टिनी-हेन्री लष्करी रायफल याच बोअरची; बंडखोरांच्या हाती शिकारी काडतुसं पडतील, ही भीती. कारखानदारांनी बोअर जरासा बदलला. हॉलंडची ४६५, जोसेफ लँगची ४७०, जेफरीची ४७५ नंबर दोन, वेस्टली रिचर्ड्सची ४७६ ही सगळी त्याच गरजेतून पुढे आली. गोळीचं वजन आणि वेग यांत फरक इतका थोडा, की त्यांत सरस कोण यावर रात्री जागवणं मला पटत नाही. काडतूस आज कोणतं मिळतं ते पाहा. बहुधा ४७०च सापडेल.

खरा फरक रायफलीच्या वजनाचा. ५७७ची गोळी ७५० ग्रेनची. तिचा धक्का सोसायला रायफल सहा किलोच्या आसपास लागते. दिवसभर रानात चाललेल्या माणसाच्या हातात ती संध्याकाळी स्थिर राहत नाही. शिकारी जिम कॉर्बेटची दुनळी जेफरीची, ४५०/४०० बोअरची, ४०० ग्रेनच्या गोळीची. मध्यम ताकदीची, पण दोन्ही गोळ्या नेमक्या सोडता येतील अशी. जनावर जखमी होऊन झाडीत शिरू नये, ही शिकाऱ्याची पहिली जबाबदारी. म्हणून माझं मत ४५०/४००च्या बाजूने. हत्तीच मारायचा असेल, तर ४७०.

आणखी एक गोष्ट. दुनळीच्या नळ्या समांतर नसतात. तोंडाशी त्या किंचित जवळ आणून, गोळ्या झाडून पाहत, एका ठरावीक काडतुसासाठी जुळवलेल्या असतात. गोळी किंवा दारू बदलली की दोन्ही नळ्यांचे नेम फाकतात. उन्हात कॉर्डाइटचा दाब वाढतो, म्हणून हिंदुस्थानसाठी कमी दारूची काडतुसं वेगळी भरली जात. त्यामुळे नुसतं कॅलिबर कळून भागत नाही.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, ते योग्यच झालं. तरीही एखाद्या घराण्यात परवान्यावर जुनी दुनळी असेल, तर विनंती एवढीच: जाणत्या बंदूकसाजाकडून नळ्या तपासून, त्यांच्या बुडाशी कोरलेला दारूचा भार वाचून घेतल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नका.