घरावर नोटीस आली तर

आज आपण घराच्या कर्जाबद्दल बोलणार आहोत.

घर घेताना किंवा धंद्यासाठी घर तारण ठेवताना बँक आपल्यालाही सहीला बोलावते. आपण सहकर्जदार होतो. म्हणजे हप्ते थकले, की सगळं कर्ज फेडायची जबाबदारी आपल्यावरही येते. पण खरेदीखतावर नाव पुष्कळदा एकट्या यजमानांचं असतं. सहकर्जदार आणि सहमालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सही करण्याआधीच विचारून घ्यायला हवं.

आमच्या गटातल्या एका ताईंकडे अशी नोटीस आली. यजमानांनी पाकीट न फोडताच कपाटात टाकलं. बायकोला काळजी नको, एवढाच त्यांचा हेतू. ताईंना कळलं ते भिंतीवर ताब्याचा कागद चिकटला तेव्हा. तोवर पहिली मुदत संपली होती.

म्हणून या मुदती नीट समजून घेऊ. २००२ सालचा एक कायदा आहे, त्याला सरफेसी म्हणतात. त्यामुळे बँकेला तारण घराच्या वसुलीसाठी आधी कोर्टात दावा लावावा लागत नाही. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. पतसंस्थेची वसुली मात्र सहकार कायद्याने होते, तिची रीत वेगळी.

हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला, की खातं एनपीए होतं. मग बँक ६० दिवसांची मागणी नोटीस पाठवते. तिला लेखी उत्तर देता येतं. रक्कम चुकली असेल, भरलेला हप्ता धरला नसेल, तर तसं लिहा आणि पोच घ्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. तोंडी सांगितलेलं, फोनवर बोललेलं पुढे दाखवता येत नाही.

६० दिवसांत पैसे भरले नाहीत, तर बँक ताबा घेऊ शकते. वर्तमानपत्रात आपण ‘सांकेतिक ताबा’ असं वाचतो. तो कागदावरचा ताबा. घर रिकामं करून घेणं म्हणजे प्रत्यक्ष ताबा. त्यासाठी बँक जिल्हादंडाधिकाऱ्यांची, म्हणजे कलेक्टरसाहेबांची मदत घेऊ शकते. ताब्याची कारवाई चुकीची वाटली, तर ४५ दिवसांच्या आत कर्ज वसुली न्यायाधिकरणात अर्ज करायचा. आपल्याकडे ते मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहे. हा अर्ज फक्त कर्जदारच करतो असं नाही. कारवाईची झळ बसलेल्या कुणालाही तो करता येतो. त्यात भाडेकरूही आले. अर्ज केला म्हणजे कारवाई आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते.

दोन गोष्टी आणखी लक्षात ठेवा. शेतजमीन तारण असेल तर हा कायदा तिथे चालत नाही. आणि मुद्दल-व्याज मिळून २० टक्क्यांपेक्षा कमी बाकी राहिली असेल, तरीही या कायद्याने घर घेता येत नाही. म्हणून खात्याचा उतारा मागून बाकी तपासा.

लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी सगळी थकबाकी आणि खर्च भरला, तर घर सोडवता येतं. नोटीस निघाली, की तो हक्क जातो. लिलावात कर्ज आणि खर्चापेक्षा जास्त पैसे आले, तर उरलेली रक्कम मागायला विसरू नका. ती बँकेची नसते.

त्या ताईंनी शेवटी यजमानांना समोर बसवून हिशेब केला. हप्ते भरणं आता झेपणारं नव्हतं. नोटीस आल्यावर घर परस्पर विकता येत नाही, म्हणून त्यांनी बँकेची लेखी संमती घेतली आणि लिलावाआधी स्वतःच गिऱ्हाईक आणलं. घर गेलं. पण कर्ज फिटून चार पैसे हातात राहिले. मुलांची शाळा सुटली नाही. आज ते भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात.

हे सगळं आम्ही कर्ज बुडवा म्हणून सांगत नाही. घेतलेलं फेडायचंच. पण दारात वसुलीची माणसं आली म्हणून घाबरून सावकाराकडून पैसे उचलू नका आणि कोऱ्या कागदावर सही करू नका. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे जा.

आज रात्री जेवणं झाली, की घराची फाईल काढा. खरेदीखत कुणाच्या नावावर आहे, आपली सही कुठे आहे, शेवटचा हप्ता कधी भरला, एवढं बघा. आलेलं प्रत्येक पाकीट त्याच दिवशी फोडा आणि वर तारीख टाका. वाचता आलं नाही, तर बैठकीला घेऊन या. आम्ही सगळ्या मिळून वाचू.