राउटरच्या दोन किल्ल्या

२६ जुलै २००८. अहमदाबादेत स्फोट होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला. तपास पोहोचला नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका घरी. मेल त्या घरच्यांनी पाठवलाच नव्हता. त्यांचं वाय-फाय कुणीतरी वापरलं होतं. पुढे असाच एक मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला.

तेव्हा आपला राउटर सांभाळायला हवा. तो सानपाड्यात असो की जयपूरच्या जवाहर नगरात, त्याला पासवर्ड दोन असतात. एक वाय-फायचा, तो पाहुण्यांनाही आपण सांगतो. दुसरा सेटिंग्जचा, आणि तो बहुतेकांनी कधी पाहिलेलाच नसतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने कंपनीने दिलेले ‘अ‍ॅडमिन’सारखे पासवर्ड टाकून पाहत जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले.

राउटर उलटा करा. मागच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१. घरच्याच वाय-फायवर असताना तो ब्राउझरमध्ये टाका, स्टिकरवरचंच नाव आणि पासवर्ड द्या. आत गेल्यावर आधी हा दुसरा पासवर्ड बदला. वाय-फायच्या सुरक्षेत डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडा. बाहेरून सेटिंग्ज उघडायची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद ठेवा.

पासवर्ड विसरलात, तर टाचणीने रीसेट दाबण्याआधी इंटरनेटवाल्याला फोन करा. रीसेटने जोडणीची माहितीही पुसली जाते.