प्रयोगाचे साहित्य आणि परीक्षेची पद्धत



वर्गात प्रयोग करण्यासाठी साहित्य कोठून आणावे, हा शिक्षकांचा नेहमीचा प्रश्न. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजच्या नर्मदापुरम) जिल्ह्यात त्याचे उत्तर 1972 पासून शोधले गेले. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 16 शाळांत प्रयोगाधारित विज्ञान अध्यापन सुरू केले. पुढे 1978 मध्ये तेथे गेलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून भौमितिक आकृत्या सिद्ध केल्या. चौकोन दाबला की कलतो. त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. पुलांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलांच्या बोटांनाच उमगते. आणि खर्च तो किती!

तथापि, या कार्यक्रमाचे खरे वैशिष्ट्य माझ्या मते साहित्यात नव्हते, परीक्षेत होते. पुस्तक उघडून उत्तरे लिहिण्याची विद्यार्थ्यांना मुभा होती आणि प्रात्यक्षिकासही गुण होते. केवळ पाठांतराला गुण मिळत असतील, तर प्रयोगपेटी कपाटाबाहेर कोण काढणार? जोडीला शिक्षकांचे प्रशिक्षण, मासिक बैठका आणि संपलेल्या साहित्याची भरपाई होती.

1982 मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने हे कार्य पुढे नेले. 2002 मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद केला. तीनच वर्षांनी, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 मध्ये, पाठांतरापासून मुक्ती आणि अधिक लवचीक परीक्षा ही तत्त्वे मांडली गेली. आगकाड्यांच्या कृती आज इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. पुस्तक उघडे ठेवून होणारी ती परीक्षा मात्र त्या शाळांत उरली नाही.