मत नाही, त्याचा नंबर शेवटी
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज एका दूरच्या बेटाची हकीकत सांगणार आहे. दूरची असली तरी तुम्हाला ती ओळखीची वाटेल.

बेटाचे नाव प्वेर्तो रिको. कॅरिबियन समुद्रातला, केळी आणि कॉफी पिकवणारा मुलूख. १८९८ सालच्या लढाईत अमेरिकेने तो स्पेनकडून घेतला. १९१७ साली तिथल्या लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. पण बेट राज्य झाले नाही, 'प्रदेश' राहिले. तिथे राहणाऱ्याला अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. सिनेटमध्ये त्यांचा एकही सभासद नाही. खालच्या सभागृहात एक प्रतिनिधी असतो. त्याला बोलता येते, पण कायदा मंजूर होताना त्याचे मत धरत नाहीत.

२० सप्टेंबर २०१७ रोजी 'मारिया' हे चक्रीवादळ बेटावर आले. वारा ताशी सुमारे २५० किलोमीटर. सगळ्या बेटाची वीज गेली. शेवटच्या घरापर्यंत ती परत यायला जवळजवळ अकरा महिने लागले. तिथल्या शेती खात्याचा अंदाज असा, की पिकांच्या किमतीच्या ८० टक्के एका दिवसात गेले. मेलेल्यांचा सरकारी आकडा कित्येक महिने ६४ होता. ऑगस्ट २०१८ मध्ये विद्यापीठाच्या अभ्यासानंतर तो २९७५ झाला.

त्याच मोसमात टेक्सास आणि फ्लोरिडा या राज्यांनाही वादळांचा तडाखा बसला होता. देश एक, नागरिकत्व एक. मग मदतीत फरक कुठे पडला?

पहिली गोष्ट धान्याची. राज्यांमध्ये गरिबाला अन्नमदत हक्काने मिळते. गरजू वाढले की खर्च वाढतो आणि केंद्राला तो द्यावाच लागतो. प्वेर्तो रिकोला मात्र १९८२ पासून वर्षाला एक ठोक रक्कम मिळते. वादळ येवो की भूकंप, रक्कम आपोआप वाढत नाही. त्यासाठी वेगळा कायदा लागतो, आणि तो करणाऱ्या सभागृहात यांना मत नाही. १२७ कोटी डॉलर ऑक्टोबर २०१७ मध्ये मंजूर झाले. वाढीव मदत लोकांना मिळू लागली मार्च २०१८ मध्ये. पोट काही साडेपाच महिने थांबत नाही.

दुसरी गोष्ट जहाजांची. १९२० च्या कायद्याप्रमाणे अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेले आणि अमेरिकन मालकीचेच हवे. बेटावरचे बहुतेक अन्न बाहेरून येते, म्हणजे या महाग वाहतुकीचा भार रोजच्या जेवणावर. टेक्सास-फ्लोरिडाच्या वादळांच्या वेळी या कायद्यातून सूट मिळाली होती. मारियानंतर ती मिळायला आठ दिवस लागले, आणि मिळाली दहा दिवसांपुरती. कापूस एकाधिकाराच्या काळात आपला कापूस राज्याच्या सीमेवर अडवत, त्या बंदीची ही सख्खी बहीण.

तिसरी गोष्ट कागदाची. घर दुरुस्तीच्या मदतीसाठी मालकीचा पुरावा मागितला गेला. बेटावर कित्येक घरे आजोबांच्या जागेवर, वाटणी तोंडी, नोंद कुठेच नाही. हजारो अर्ज नामंजूर झाले. स्वतःच्या सहीचे निवेदन पुरावा म्हणून अधिक सढळपणे चालेल, असा बदल २०२१ साली झाला. चार वर्षांनी!

आता खरी मेख पाहा. हाच माणूस विमानात बसून फ्लोरिडात राहायला गेला, की त्याला मतही मिळते आणि पूर्ण अन्नमदतही. म्हणजे माणूस कमी दर्जाचा नाही, तो ज्या जमिनीवर राहतो ती जमीन कमी दर्जाची. मग लोकांनी काय करावे? वादळानंतरच्या वर्षात बेटाची लोकसंख्या सव्वा लाखाहून अधिक घटली.

सगळा दोष दर्जाचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. वीज मंडळ आधीच दिवाळखोर होते. बंदरात उतरलेला माल आत न्यायला ट्रक चालक आणि डिझेल मिळत नव्हते. बेटावरचे बहुतेक लोक तिथल्या कमाईवर केंद्राचा आयकर भरत नाहीत, हा विरोधकांचा मुद्दाही खोटा नाही. पण जो आयकर भरत नाही त्याने उपाशी राहावे, असा नियम टेक्सासच्या गरिबाला कोणी लावत नाही.

आपल्याला तर मत आहे. मग ही हकीकत आपल्याला कशाला? कारण आपल्या हातातही अनेकदा ठोक रकमेचे पॅकेजच पडते. गारपीट झाली की मंत्री बांधावर येतात, घोषणा होते, पंचनाम्याची वाट पाहायची. कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे असेल, तर पैसे कोणाच्या खात्यात जातात हे तुम्हाला सांगायला नको. संकट आल्यावर मागितली ती याचना. संकटाच्या आधी नियमात लिहून घेतला तो हक्क.

म्हणून या बैठकीतून दोन कामे घेऊन जा. एक, पावसाळ्याआधी गावातल्या प्रत्येक खात्याची वारस नोंद पुरी करा. बहिणींची नावे त्यात आली पाहिजेत. दोन, मत मागायला येईल त्याला पॅकेज किती कोटींचे हे विचारू नका. नुकसान झाल्यावर किती दिवसांत, कोणत्या नियमाने, कोणाच्या हातात पैसे देणार, हे विचारा. प्वेर्तो रिकोच्या शेतकऱ्याला हा प्रश्न विचारायला मतदार म्हणून जागा नाही. आपल्याला आहे.