हत्यार हाताशी, पण लेथपलीकडे नको
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मागच्या महिन्यात तेरच्या बसथांब्यावर एका ओळखीच्या गृहस्थांनी गाठलं. म्हणाले, "सर, मीही निवृत्त झालो आता. लाकूड कातायचा लेथ घेतलाय, पडवीत बसवलाय. सगळं आलं, पण पटाश्या ठेवायच्या कुठं ते काही जमेना." मी विचारलं, "सध्या कुठं ठेवता?" तर म्हणाले, "लेथच्या मागं भिंतीला खिळे मारलेत. ओळीनं लावल्यात, छान दिसतात."

छान दिसतात हे खरं. मीसुद्धा पहिली दोन वर्षं तसंच केलं होतं. बाभळीचं लाटणं कातत होतो. तिरप्या धारेची पटाशी हवी होती, ती समोर भिंतीवर. लेथ बंद करायचा कंटाळा केला आणि फिरत्या लाकडावरून हात लांबवला. सदऱ्याची बाही गुंडाळली गेली. सदरा जुना, विरलेला होता म्हणून फाटला आणि हात सुटला. नवा असता तर आज तुमच्याशी बोलताना कागद दुसऱ्या हातात धरावा लागला असता. तेव्हा त्या गृहस्थांना पहिली गोष्ट सांगितली ती ही, की खिळे आजच उपटा. चालत्या लेथवरून हात नेऊन जे घ्यावं लागतं, ते तिथं ठेवायचंच नाही.

मग ठेवायचं कुठं? लेथवर उभे राहिलात की फिरवणारं डोकं डाव्या हाताला येतं. म्हणून हत्यारांची जागा उजव्या टोकाला, एक पाऊल बाजूला, कमरेच्या उंचीवर. तिथं ढलप्या कमी उडतात आणि हत्यार घ्यायला अंग वळवावं लागतं. वळण्यात जो क्षण जातो, तेवढ्यात माणूस भानावर येतो.

घडवंचीसाठी पैसे घालवू नका. विहिरीवरच्या पाइपलाइनचे उरलेले पीव्हीसी पाइप प्रत्येकाच्या घरी असतात. इंचभर व्यासाचा पाइप घ्या आणि पात्याच्या लांबीहून चार बोटं जास्त ठेवून त्याचे तुकडे कापा. एका फळीला ते उभे, जरासे मागं झुकवून आवळा. पटाशी धार खाली करून सोडली की मुठीची पितळी कडी पाइपच्या तोंडावर अडकते आणि धार आत अधांतरी राहते. ती कशालाच टेकत नाही. पाइपचं बूड मात्र उघडंच ठेवा, भुसा खाली गळून जातो. बूड बंद केलंत तर महिन्यात आत भुशाचा गठ्ठा होतो, पावसाळ्यात तो ओल धरतो आणि धारेला गंज चढतो.

धार वर ठेवावी असं म्हणणारेही आहेत. कोणती पटाशी आहे ते लगेच कळतं, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा बरोबर आहे, पण घरातल्या कारखान्यात मला तो पटत नाही. त्यावर तोड म्हणजे मुठीवर खुणा. मूठ आपणच कातायची असते. कातताना पटाशीच्या टोकानं बारीक खाच पाडायची, लेथ चालू असताना त्या खाचेत तार ताणून धरायची, घर्षणानं काळी रेघ जळते. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडाच्या मुठी लावा, बोटाला गुंडाळू नका. एक रेघ म्हणजे चौकोनी लाकूड गोल करणारी रुंद नाळीची पटाशी. दोन म्हणजे बारीक नाळीची. तीन तिरप्या धारेची, चार चीर पाडायची, पाच खरवडायची. अंधारातसुद्धा अंगठ्याला रेघा मोजता येतात. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी करणाऱ्या कारागिरांचं हे रोजचंच काम, त्यांचा हात न बघता जातो. आपण आठवड्यातून एखादी दुपार लेथवर उभे राहणारे. आपल्याला रेघा लागतात. शिवाय रुंद नाळीची पटाशी चुकून वाटीच्या कामाला लावली तर मुठीत जाणारं तिचं निमुळतं टोक मोडू शकतं. हात चुकणं परवडत नाही.

आता गंजाचं. आपल्याकडं कातायला मिळतं ते बहुतेक बाभळीचं. बाभळीत टॅनिन असतं, म्हणून तर तिची साल कातडं कमवायला वापरत. ओल्या बाभळीच्या ढलप्या लोखंडावर रात्रभर राहिल्या की सकाळी निळे-काळे डाग. म्हणून काम संपलं की पातं कोरड्या फडक्यानं पुसायचं, मग शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा. गोडं तेल नको, ते चिकट होतं आणि त्यावर भुसा बसतो. गोणपाटात गुंडाळून ठेवणंही नको, गोणपाट हवेतली ओल ओढून घेतं. ज्यांचं घर अजून माळवदाचं आहे त्यांनी फळीवर एक आडवा पत्रा ठोकावा. माळवदातून बारीक माती सतत झडत असते, ती तेलात बसली की फडकं पातं पुसत नाही, घासतं.

उंच फळीविषयीही सांगतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी, किल्लारी आणि सास्तूरकडं जे झालं ते आपल्या भागात कोणाला सांगायला नको. त्यापुढं आमच्या घरातलं काहीच नाही. पण वरच्या फळीवरचा रंधा आणि दोन पटाश्या अंथरुणापासून हातभर अंतरावर पडल्या होत्या. तेव्हापासून जड किंवा धारेचं काही मी छातीच्या वर ठेवत नाही.

तेरला हे बोलताना गोरोबाकाकांची कथा आठवल्यावाचून राहत नाही. भजनात रंगून चिखल तुडवत होते आणि रांगतं लेकरू पायाखाली आलं, ती. भक्तीची कथा म्हणून आपण ती ऐकतो. मी सुतारकाम शिकवलेला माणूस, मला त्यात एक घरही दिसतं. चिखल तुडवायची जागा आणि लेकराचं रांगायचं अंगण एकच. आपल्या पडवीतही तेच आहे. म्हणून माझ्या फळीला दोन बिजागऱ्या आणि एक झाकण आहे. काम संपलं की झाकण बंद, कुलूप वर. नातवंडं आली की किल्ली माझ्या करगोट्याला.

झाकण लावण्याआधी नळ्या मोजायच्या. आपल्या गावच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात एखाद्या कपाटातली वस्तू उचलली तर रिकामी जागा लगेच डोळ्यात भरेल, तसंच हे. रिकामी नळी दिसली की पटाशी ढलप्यांत आहे, हे नक्की. आमच्या ढलप्या शेजारी बंबाला नेतात. एकदा चीर पाडायची पटाशी मी मोजली नाही. चार दिवसांनी शेजारच्या वहिनींनी ती राखेतून काढून आणून दिली, "भाऊजी, तुमचं काहीतरी भाजलंय," म्हणत. साध्या पोलादाची होती, तिचं पाणी उतरलं. नंतर कितीही धार लावा, दोन रेघा कातल्या की बोथट. पुन्हा लोहाराकडं नेऊन पाणी द्यावं लागलं. नशीब ती बंबातच गेली. ढलप्या गोठ्यात बैलाखाली पसरल्या असत्या तर?

लाईट गेली की आणखी एक मोह होतो. लेथ थांबलेला असतो, हातातली पटाशी आपण लेथच्याच पाट्यावर ठेवतो आणि चहाला जातो. बटण चालूच राहतं. लाईट आली की लेथ फिरतो आणि थरथरत सरकलेली पटाशी फिरत्या लाकडाला लागली तर कुठं उडेल याचा नेम नाही. शेतातल्या मोटारीला आपण ऑटो बसवतो, लाईट आली की मोटार आपली आपण सुरू. काहीजण तीच जुनी मोटार ऑटोसकट लेथला लावतात. कृपा करून तो ऑटो काढा. लाईट आल्यावर आपण बटण दाबेपर्यंत सुरू न होणारा स्टार्टर मिळतो, तो लावा. आणि लाईट असो नसो, हातातून सुटलेलं हत्यार नळीतच जाऊ द्या.

त्या गृहस्थांनी शेवटी विचारलं, "आणि सर, डोळ्यांचा चष्मा? त्याला कोणती नळी?" त्याला नळी नाही. चष्मा मी लेथच्या बटणावर अडकवतो. तो काढल्याशिवाय बटण दाबता येत नाही.